क्रमाबाहेरचा भाग

वोलोस, १९ मार्च २०२४

सीरोस बेटावरील भगिनी क्लिओनिकी हिस,

तुझे पत्र आज, महाउपवासाच्या दुसऱ्या दिवशी हाती आले. आईच्या दफनानंतर एकतीस वर्षांनी आलेल्या पत्रात क्षेमकुशल नाही, याचा मी विषाद मानत नाही. मीही कधी विचारले नव्हते. तू चारच ओळी लिहिल्या आहेस. उत्तर देताना त्या समोर असाव्यात म्हणून उतरवतो:

"इग्नाती, 'बंदरावरची बिऱ्हाडं'चा ईस्टरचा भाग त्या यादीत शून्यात टाकलाय, आणि तो तूच टाकलायस असं कळलं. अथेन्सची माणसं फक्त नंबर असलेल्या फिती वाचवणार आहेत. आईचा आवाज जगात त्या एकाच फितीत आहे. त्याला दहावा नंबर दे."

माझ्या उत्तराला तू आडमुठेपणा म्हणू नयेस, म्हणून थोडे सांगतो. मालिकांची ती ऑनलाइन सूची जगभरातले स्वयंसेवक चालवतात. निवृत्तीनंतर मी धर्मप्रांताच्या ग्रंथालयातील हस्तलिखितांची सूची केली. ते काम संपले तरी हाताची सवय जाईना, म्हणून आपल्या थेसलीतील जुन्या मालिकांचे पान सांभाळू लागलो. तू बनवलेली मालिका दाखवणारी इथली टीव्ही वाहिनी बंद पडून वीस वर्षे झाली. तिची कागदपत्रे गेली, फिती नगरपालिकेच्या ओल्या गोदामात राहिल्या. गोदाम पाडायचे आहे. अथेन्सच्या संग्रहाने आमची सूची प्रमाण मानली: ज्यांना क्रमांक आहे त्या फिती ते नेतील, बाकीच्या गोदामाबरोबर जातील. त्यांची यादी दोन मेला दुपारी बंद होते. इथवर तुझे म्हणणे खरे आहे.

परंतु सूचीला नियम आहे. जो भाग मालिकेच्या ठरल्या वारी आला नाही, आणि ज्याला खुद्द वाहिनीने क्रमाबाहेरचा म्हटले, त्याला क्रमांक मिळत नाही. तो 'शून्य पर्वा'त, सणासुदीच्या खास कार्यक्रमांबरोबर जातो. तुझे तेरा भाग रविवारी आले, हा मंगळवारी आला. आणि वाहिनीची एप्रिल १९९२ची टंकलिखित टीप पुरावा म्हणून पानावर आहे: 'हा भाग सणाचा असून क्रमाबाहेरचा समजावा. पुनःप्रसारणात घेऊ नये.' याहून स्पष्ट काय असते?

शून्य म्हणजे अवमान नव्हे. आपल्या स्तोत्रसंग्रहात दीडशे स्तोत्रे मोजलेली आहेत. त्यांच्यामागे आणखी एक आहे, आणि त्याच्या माथ्यावर प्राचीनांनी 'गणनेबाहेरचे' असे लिहून ठेवले. म्हणून कोणी ते फाडून टाकले नाही.

आईने तो भाग पाहिला नाही, असे तू समासात लिहितेस. त्या संध्याकाळी ती डोंगरावर, माक्रिनित्साच्या मठात सायंप्रार्थनेला होती. धर्मगुरूच्या विधवेने ईस्टरच्या आठवड्यात तिथेच असावे.

इग्नातिओस पापायाकोवू
निवृत्त धर्मशिक्षक


वोलोस, ५ एप्रिल

क्लिओनिकीस,

तू माझ्याशी वाद न घालता लारिसा शहरातल्या थेक्लाला लिहिलेस. थेक्ला औषधाच्या दुकानात काम करते आणि उरलेल्या वेळात आमच्या सूचीवर संपादन करते. तिला हे काम मीच शिकवले. तिने मतदान मागितले आहे. आम्ही सात संपादक आहोत. आज चार मते माझ्या बाजूला आहेत, दोन तिच्या, एक पोर्तुगालमधील गृहस्थ विचार करीत आहेत. टीप पाहूनच चौघांनी मत दिले, हे मी अभिमानाने नव्हे, माहितीसाठी लिहितो.

विषय गावात पोहोचला आहे. प्रोकोपिस तुला आठवत असेल. चाळीस वर्षे देवळात गाताना तो गायनवेदीच्या डाव्या बाजूला आणि मी उजव्या. रविवारी उपासनेनंतर कॉफीच्या दुकानात त्याने सर्वांना ऐकू जाईल असे विचारले, "काय मास्तर, टीव्हीवरच्या नाटकाला नंबर द्यायचा की नाही यावर म्हणे धर्मसभा भरलीय?"

मी म्हणालो, मतदान चालू आहे.

"बहिष्कार कुणावर घालणार तेवढं आधी सांग. मी दाढी करून येतो."

लोक हसले. मग त्याने खुर्ची जवळ ओढली. "थट्टा सोड. तुझी आईच गायलीय ना त्यात? आमच्या घरी त्या दिवशी चुलीवरचं दूध उतू गेलं, पण बायको जागची हलली नाही. आख्खी गल्ली गप्प होती. अजून सांगते ती. तू ऐकलंस तेव्हा तुला काय वाटलं रे?"

मी दुकानदाराला बिल आणायला सांगितले.

तुझ्या मागणीचा परिणाम तरी लक्षात घे. ईस्टरचा भाग दहावा झाला तर जुना दहावा अकरावा होतो, आणि तेरावा चौदावा. बत्तीस वर्षे लोकांनी जे ज्या नावाने ओळखले ते सगळे एकेक पायरी खाली सरकते. एका राजाने आपल्या प्रजेची नव्याने गणना केली आणि देशात मरी आली, हे तू बाबांच्या मांडीवर बसून ऐकले आहेस. आकड्याला हात लावताना माणसाने भ्यावे.

इग्नातिओस


वोलोस, २२ एप्रिल

क्लिओनिकीस,

तुझे दुसरे पत्र कठोर आहे, पण त्यातला एक मुद्दा मला खोडता आला नाही. तू लिहितेस: "नवव्या भागात मिखालिस जहाजावर चढतो. तुझ्या दहाव्यात त्याच्या बहिणीनं काळे कपडे घातलेत. मधे पोरगं मेलं कुठे? तुझ्या शून्यात?"

मी ते पत्र मिटून ठेवले आणि तीन दिवस पुन्हा उघडले नाही. काल पुन्हा वाचले. सुवार्तेच्या आरंभी वंशावळ आहे, तीन वेळा चौदा पिढ्या. तिसऱ्या खेपेच्या मोजल्या तर तेराच भरतात. विद्वानांनी त्यावर पोथ्या लिहिल्या; मीही वर्गात सहा कारणे सांगत असे. एकाही मुलाने कधी विचारले नाही की, सर, जो मोजायचा राहिला त्याचे काय?

पोर्तुगालच्या गृहस्थांनी थेक्लाला मत दिले. एक मत माझ्याकडून तिकडे गेले. आता चार तिच्या बाजूला आणि तीन माझ्या. पण नियमाप्रमाणे वाहिनीचा लेखी पुरावा मतांहून श्रेष्ठ असतो, म्हणून टीप उभी आहे तोवर मतांनी काही होत नाही. त्यावरून थेक्लाने शनिवारी फोन केला. ती मला अजूनही सर म्हणते, हे तिचे सौजन्य.

"सर, त्या टिपेचा फोटो खालून दुमडलाय. सही कुणाची आहे?"

"कागद जुना आहे. घडी पडली आहे."

"मग घडी उलगडून परत काढा की. दोन मिनिटांचं काम."

"मूळ कागद हाताशी नाही."

"तुमच्याकडे कागद सापडत नाही? सर, तुम्ही मला दुकानाच्या पावत्यासुद्धा तारखेनं लावायला लावल्यात!" मग ती हळू बोलली. "हे बघा, मी काही तुमच्यावर आरोप करत नाहीये. पण सही वाहिनीच्या माणसाची नसेल ना, तर हा पुरावाच नाही. दोन तारखेला दुपारी बारा वाजता यादी बंद होतेय. त्या बाई माझ्याकडे फोनवर रडल्या नाहीत, पण रडल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्या बाई म्हणजे तू.

मीही एक विचारतो. आपले बाबा इथल्या देवळाचे धर्मगुरू होते. त्यांच्या विधवेला दिव्यांसमोर बसवून, जो माणूस कधी जन्मला नाही त्याच्यासाठी तू तिला डोंगरातल्या बायकांचा विलाप गायला लावलास. आणि तो दाखवला ईस्टरनंतरच्या तेजस्वी सप्ताहात, ज्या आठ दिवसांत खरा मृतदेह समोर असला तरी आपण शोकगीत गात नाही, पुनरुत्थानाचेच गातो. हे सर्व ठरले, चित्रित झाले, आणि घरातल्या थोरल्याला कोणी एका शब्दाने विचारले नाही. संहितेची पाने माझ्या टेबलावर आली तेव्हा मला कळले. ही जखम तुला दिसत नसेल, पण ती आहे.

इग्नातिओस


वोलोस, १ मे, पवित्र बुधवार

क्लिओ,

आज संध्याकाळी देवळात कपाळाला पवित्र तेल लावण्याचा विधी होता. मी रांगेत उभा होतो, माझ्यापुढे सात-आठ माणसे होती. वेदीशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे तिथे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, असे वचन आहे. मी ते हजारो मुलांकडून पाठ करून घेतले. प्रोकोपिसची बायको माझ्यापुढे होती. तिने मागे वळून विचारले, "मास्तर, बरं वाटत नाही का?" मी रांगेतून बाहेर पडलो. घरी येऊन हे लिहितो आहे.

मागच्या पत्रात मी लिहिले, संहितेची पाने माझ्या टेबलावर आली. ती का आली हे तू विचारले नाहीस. तुला वाटले असेल कोणी दाखवली. त्या वर्षी वाहिनीने मला धार्मिक बाबींचा सल्लागार नेमले होते. सणांच्या कार्यक्रमांत चूक राहू नये एवढेच काम. तुला मी सांगितले नाही, कारण तुला वाटले असते की तुझ्या मालिकेसाठी मी शब्द टाकतो आहे.

ती टीप मी लिहिली. खालची सही माझी आहे. वाहिनीच्या लोकांना त्या भागात काहीच खटकले नव्हते. त्यांच्या डब्यावर दहा आकडा घातलेला होता आणि तो ईस्टरनंतरच्या रविवारी यायचा होता. माझ्या टिपेनंतर त्यांनी तो घाईने मंगळवारी उरकला आणि क्रमातून काढला. सूचीवर फोटो टाकताना कागद दुमडलेला नव्हता. मी दुमडला.

अजून आहे. त्या मंगळवारी आई शेजारच्या एव्हान्थियाबाईंकडे टीव्ही पाहायला निघाली होती. पायात चांगले जोडे घातले होते. मी दारात उभा राहून म्हणालो, आई, मठात चल, गाडी आणली आहे. ती गाडीत बसली. डोंगर चढताना एकदाच म्हणाली, "पुन्हा दाखवतात ना रे ते?" मी म्हणालो, दाखवतात.

ऑगस्टमध्ये क्रमातले सारे भाग पुन्हा दाखवले. ती रोज संध्याकाळी एव्हान्थियाबाईंच्या खुर्चीत जाऊन बसत असे, हे तुला माहीत आहे. तूच तिला पोहोचवत होतीस. नवव्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा भाग लागला नाही, आणि ती घरी लवकर आली. मी विचारले नाही. ती ऑक्टोबरमध्ये गेली, आणि थडग्यापाशी मी तुला सर्वांसमोर म्हणालो की तू आईला बाजारात रडायला बसवलेस. तू समजत आलीस की वाहिनीने अन्याय केला आणि मी वर मीठ चोळले. दोन्ही मीच केले.

प्रोकोपिसने जे विचारले त्याचेही उत्तर देतो. तो विलाप मी ऐकलेला नाही. आजवर नाही. एका टंकलिखित पानावरच्या दोन ओळी वाचून मी निकाल दिला.

आता साडेनऊ झाले आहेत. उलगडलेल्या कागदाचा फोटो, सहीसकट, पानावर चढवला आहे, आणि खाली लिहिले आहे की हा पुरावा वाहिनीचा नाही, माझा आहे, आणि तो मी लपवला. मत थेक्लाला दिले. सातही संपादकांनी पुन्हा पाहून पान बदलायला हवे आणि यादी उद्या बाराला बंद होते. होईल की नाही ते मला ठाऊक नाही. उशीर झाला असेल तर त्याचे मूळ घड्याळात नाही.

क्षमा मागण्याची रीत मला पाठ आहे, म्हणूनच ती इथे लिहिण्याची लाज वाटते.

इग्नातिओस


वोलोस, ८ मे

क्लिओ,

क्रमांक मिळाला. गुरुवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. पोर्तुगालचे गृहस्थ प्रवासात होते. थेक्लाने त्यांना विमानतळावर गाठले. "सर, मी त्या माणसाला तीन देशांत फोन लावला. माझं या महिन्याचं बिल बघून आई मला घराबाहेर काढणार आहे," एवढेच ती बोलली. संपादकपदावरून मला काढले आहे आणि ते योग्य आहे.

परंतु आनंद करू नकोस. संग्रहाच्या बाई, मेल्पोमेनी त्यांचे नाव, त्यांनी काल कळवले की डब्यात दोन फिती निघाल्या: एक प्रसारित भागाची आणि एक चित्रीकरणाच्या दिवसाची कच्ची. पहिली बुरशीने खाल्ली आहे. चित्रही नाही, आवाजही नाही. दुसरी ओलीने चिकटली आहे. ती मंद उष्णतेत सुकवून यंत्रावर चढवतील. "एकदा फिरेल असं वाटतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा फिरेल असं मी म्हणणार नाही. त्या एका वेळेत उतरवून घेतलं ते आपलं."

एकवीस मेला सकाळी दहा वाजता. नातेवाइकांना बसू देतात. सीरोसची बोट पिरेअस बंदरात आदल्या संध्याकाळी लागते. मी धक्क्यावर थांबेन. माझ्याशी बोलण्याचे बंधन नाही.

इग्नाती


अथेन्स, २१ मे

क्लिओ,

बोटीतून शेवटचा माणूस उतरेपर्यंत मी थांबलो. तू आली नाहीस. रात्रभर मला वाटले की कारण मी आहे. आता ठाऊक आहे की कारण ती कच्ची फीत होती. आठ तारखेचे पत्र वाचताच तिच्यावर काय आहे ते तुला आठवले असणार.

फीत फिरली. शेवटपर्यंत फिरली. आधी ते सांगतो, म्हणजे तू श्वास घेशील.

प्रथम राखाडी रेषा होत्या. मग आपले मागचे अंगण, लिंबाचे झाड, आणि खुर्चीत आई. काळ्या कपड्यांत, मांडीवर रुमाल, आणि ती त्याची घडी घालते आहे, मोडते आहे. मी ज्या वयात आज आहे त्याहून ती तेव्हा लहान होती. तू दिसत नाहीस, आवाज येतो.

"आई, दिव्याकडे बघू नको."

"नाही गं बघत. पण इग्नातीला विचारलंस ना? त्याला न विचारता मी तोंड उघडायची नाही, आधीच सांगते."

त्यानंतर फितीवर फक्त पाखरांचा आवाज, आणि कोणीतरी वायर ओढल्याचा.

"विचारलंय."

"मग? काय म्हणाला?"

"हो म्हणाला. म्हणाला, आईनं गावं."

"असं म्हणाला? आपला इग्नाती?" आणि ती हसली, क्लिओ. तोंडावर रुमाल धरून, मुलीसारखी. "अगं बाई! मग लाव तुझं यंत्र. घसा मोकळा आहे तोवर."

आणि ती गायली. मी आयुष्यभर गायनवेदीवर उभा राहिलो, स्वर कुठे चढतो आणि कुठे उतरतो ते ओळखतो. ते मी तुला लिहू शकत नाही. तू तिथे होतीस. मी एवढेच म्हणतो की ज्या आठवड्यात मी ते अशुभ म्हणून बंद केले, त्या आठवड्यात देवळात माझ्या गळ्यातून निघालेले सारे त्याच्यापुढे कोरडे होते. तिने मिखालिस हे नाव घेतले नाही. तिने बाबांचे नाव घेतले. त्यांच्या मृत्यूच्या वेळी तिने तोंड उघडले नव्हते, कारण धर्मगुरूच्या घरात विलाप शोभत नाही असे तिला सांगितले गेले होते. कोणी सांगितले ते तुला ठाऊक आहे. ती अकरा वर्षे थांबली होती. तू तिला जागा दिलीस.

गाणे संपले तेव्हा मेल्पोमेनीबाई यंत्रापाशीच होत्या. त्यांनी डोळे पुसले, मग कामाचे विचारले. "मूळ भाग गेलाच आहे, तर दहावा म्हणून हेच ठेवणार. सुरुवातीचं बोलणं कापू का? घरगुती आहे. शिवाय उद्या कुणी विचारायला नको, की म्हातारीला परवानगीचं खरं सांगितलं होतं की खोटं. हा इग्नाती कोण, तुमच्या ओळखीचा?"

"मीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. एप्रिल १९९२च्या टिपेवरची सही त्यांनी सूचीवर वाचलेली असणार; सगळ्यांनीच वाचली आहे. तरी त्यांनी सरळ विचारले, "सर, तुम्ही हो म्हणाला होतात?"

मी चाळीस वर्षे मुलांना सांगितले की साक्ष खरी द्यावी.

"कापू नका," मी म्हणालो. "मुलगी खरे बोलते आहे. तिने मला विचारले होते, आणि आईने गावे, असे मीच म्हणालो होतो."

इग्नाती